लिनक्सवर इंकजेट: चांगली प्रिंट हवी तर सुरुवात कुठून करायची

एकच फोटो, एकच प्रिंटर. दुसऱ्या संगणकावरून काढलेली प्रिंट छान येते आणि लिनक्सवरून काढलेली फिकी, पट्ट्यापट्ट्यांची नाहीतर हिरवट येते. अशा वेळी पहिला आळ ड्रायव्हरवर, म्हणजे संगणकाचं म्हणणं प्रिंटरला समजावणाऱ्या प्रोग्रामवर, जातो. कधीकधी तो खराही असतो. पण आजवर माझ्या आणि मित्रमंडळींच्या जेवढ्या बिघडलेल्या प्रिंट पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींचं मूळ दोनच गोष्टींत निघालं. एक तर नोझल, म्हणजे शाई सोडणारं बारीक छिद्र, तुंबलेलं असतं, नाहीतर ट्रेमध्ये एक कागद असतो आणि प्रिंटरला आपण भलताच सांगितलेला असतो. रंगांचे स्लायडर हलवून यातलं काहीच सुटत नाही.

म्हणून क्रम ठरवून चला. आधी प्रिंटर, मग कागद, मग ड्रायव्हर, मग आकार आणि दर्जा, आणि रंग सगळ्यांत शेवटी. मधली पायरी गाळली की पुढच्या पायरीवर घालवलेला वेळ आणि शाई दोन्ही वाया.

कमांडबद्दल आधीच सांगतो. इथे त्यांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत टंकायची. बरीचशी कामं माउसनेही होतात, त्यामुळे टर्मिनलची धास्ती असेल तरी वाचत राहा. आणि लिनक्स म्हटलं असलं तरी फ्रीबीएसडीसारख्या भावंडांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं, कारण छपाईचं काम तिथेही सहसा 'कप्स' हाच प्रोग्राम करतो.

पायरी १: संगणक बाजूला ठेवा

प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांवरून किंवा छोट्या पडद्यावरच्या मेनूतून नोझल तपासणीचं पान काढा. जवळपास प्रत्येक इंकजेटमध्ये ही सोय असते. पडदा नसेल तर कोणती बटणं किती वेळ दाबून धरायची ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. या पानावर प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांची जाळी येते. रेघा अखंड हव्यात. मध्येच तुटलेल्या असतील तर तेवढी नोझल शाई सोडत नाहीयेत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लिनक्सने कितीही अचूक हिशोब करून पाठवला तरी जो रंग हेडमधून, म्हणजे नोझल असलेल्या भागातून, बाहेरच पडत नाही तो कागदावर उमटणार नाही.

हे मी शिकलो ते एक अख्खी संध्याकाळ घालवून. चेहरे हिरवट येत होते, म्हणून मी ड्रायव्हर बदलला, प्रोफाइल बदलली, गॅमा खालीवर केला. शेवटी वैतागून नोझल तपासणी काढली तर मॅजेंटाच्या (गडद गुलाबी शाईच्या) अर्ध्या रेघा गायब. तेव्हापासून एक आडाखा पक्का बसलाय: प्रिंट हिरवी झुकली तर मॅजेंटावर संशय घ्या, लालसर झाली तर सायनवर (आकाशी शाईवर), आणि निळी-जांभळी दिसली तर पिवळ्यावर. जो रंग कमी पडतो त्याच्या उलटा रंग वर येतो, एवढंच त्यामागचं गणित.

रेघा तुटक असतील तर हेड साफ करायचा पर्याय एकदा चालवा आणि तपासणीचं पान पुन्हा काढा. फरक पडला तर आणखी एकदा. पण लागोपाठ दहा वेळा साफसफाई चालवू नका. प्रत्येक वेळी बरीच शाई ओढून आतल्या शोषक पॅडमध्ये सोडली जाते, आणि ते पॅड भरलं की कित्येक प्रिंटर काम थांबवतात. दोन-तीन फेऱ्यांत सुटलं नाही तर प्रिंटर रात्रभर तसाच ठेवा. वाळलेली शाई पुष्कळदा ताज्या शाईच्या ओलाव्याने आपोआप सैल होते.

संगणकावरूनही हे करता येतं. एचपीच्या यंत्रांसाठी एचपीलिप या संचात 'एचपी-क्लीन' आणि 'एचपी-अलाइन' आहेत. एप्सनच्या अनेक जुन्या मॉडेलांसाठी गुटेनप्रिंट या ड्रायव्हरसंचाबरोबर 'ईएससीपीयूटिल' येतं. तरीही प्रिंटरवरची बटणं मला जास्त भरवशाची वाटतात, कारण मधे दुसरं काहीच नसतं.

नोझल ठीक असूनही उभ्या रेघा नागमोडी दिसत असतील किंवा अक्षरांना सावली पडल्यासारखं वाटत असेल तर हेडची जुळणी करा. हेड जाताना आणि येताना अशा दोन्ही दिशांनी शाई सोडतं. दोन्ही फेऱ्यांचे ठिपके एकमेकांवर नेमके बसले नाहीत की असं होतं. कार्ट्रिजलाच हेड जोडलेलं असेल तर कार्ट्रिज बदलल्यावर ही जुळणी पुन्हा करावी लागते.

आणि प्रिंटर बंद करताना त्याच्या बटणानेच बंद करा. भिंतीवरचा स्विच आधी पाडला तर हेडला जागेवर जाऊन झाकण लावून घ्यायला वेळ मिळत नाही, आणि उघडं राहिलेलं हेड वाळतं. आठवड्यातून एखादं रंगीत पान काढत राहिलात तर ही सगळी पायरीच क्वचित लागेल.

पायरी २: कागदाबद्दल खरं बोला

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर ही पायरी ठेवा.

इंकजेटची शाई मुख्यतः पाण्यासारखी पातळ असते. साध्या कागदावर ती तंतूंच्या वाटेने पसरते, म्हणजे आपण म्हणतो तशी 'फुटते'. फोटो कागदावर एक लेप असतो, तो शाईचा थेंब जिथे पडला तिथेच धरून ठेवतो. म्हणून प्रिंटर प्रत्येक कागदासाठी वेगळा हिशोब करतो. किती शाई टाकायची, किती फेऱ्यांत टाकायची, दोन फेऱ्यांमध्ये किती थांबायचं, सगळं 'मीडिया टाइप' या एका पर्यायावरून ठरतं. नवखी मंडळी दर्जा 'उच्च' करतात आणि कागद 'प्लेन'च ठेवतात. मग महागाच्या चकचकीत कागदावरही फिकी प्रिंट येते आणि शिव्या लिनक्सला बसतात.

यात एक गंमत आहे, ती कळली की बरीच कोडी सुटतात. अनेक घरगुती प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची असते आणि रंगीत शाया डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या. पिगमेंट म्हणजे रंगाचे सूक्ष्म कण. ते साध्या कागदाच्या पृष्ठभागावर बसतात, त्यामुळे मजकूर गडद आणि कातीव दिसतो. पण चकचकीत लेपात ते नीट मुरत नाहीत. म्हणून फोटो कागद निवडला की असे प्रिंटर पिगमेंट काळी बाजूला ठेवून रंगीत शायांच्या मिश्रणातून, किंवा असल्यास वेगळ्या फोटो-काळ्या शाईतून, काळा रंग बनवतात. तुम्ही फोटो कागद घालून 'प्लेन' सांगितलंत तर पिगमेंट काळी लेपावर नुसती साचते आणि बोट लावलं की पुसली जाते. उलट साध्या कागदावर 'ग्लॉसी' सांगितलंत तर काळा तपकिरी-करडा दिसतो आणि कागद ओला होऊन लाटा येतात.

लेप बहुधा एकाच बाजूला असतो. ओळखू येत नसेल तर कोपऱ्याला ओलसर बोट लावून बघा, किंचित चिकटते ती लेपाची बाजू. लेझर प्रिंटरसाठीचा चकचकीत कागद मात्र इंकजेटमध्ये घालूच नका. त्याचा लेप उष्णतेसाठी असतो, शाई पिण्यासाठी नाही. तासाभराने हात लावलात तरी प्रिंट फरफटेल.

पायरी ३: ड्रायव्हर कोणता?

लिनक्सवरच्या छपाईचा मध्यस्थ म्हणजे कप्स. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये त्यावर काम सुरू केलं. ॲपलने ते आपल्या मॅकसाठी घेतलं आणि २००७ मध्ये त्याचा सोर्स कोडच विकत घेतला. आता त्याचा सांभाळ ओपनप्रिंटिंग हा प्रकल्प करतो. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट', कोलन (:) आणि ६३१ हा आकडा (सगळं रोमन लिपीत) लिहिलात की कप्सचं पान उघडतं. डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये दिसत नाहीत असे पुष्कळ पर्याय तिथे असतात.

तुमच्यासमोर साधारण तीन वाटा असतात.

पहिली, ड्रायव्हरशिवाय. २०१० मध्ये एअरप्रिंट आलं, २०१३ मध्ये आयपीपी एव्हरीव्हेअर हे मानक आलं. अशा प्रिंटरला संगणक नुसतं तयार चित्र पाठवतो, शाईचा हिशोब प्रिंटर स्वतः करतो. वायफायवर असला तर तो आपोआप यादीत दिसतो. यूएसबीने जोडला असेल तर 'आयपीपी-यूएसबी' हे पॅकेज लागतं, लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत (म्हणजे तयार आवृत्त्यांत) ते आधीच बसवलेलं असतं. रोजच्या कागदपत्रांसाठी मी डोळे झाकून हीच वाट सुचवेन. नवा प्रिंटर घेणार असाल तर खोक्यावर या दोनपैकी एक नाव शोधा, पुढची निम्मी डोकेदुखी वाचेल.

दुसरी, निर्मात्याचा ड्रायव्हर. एचपीचं एचपीलिप बहुतेक वितरणांच्या भांडारात मिळतं, काही मॉडेलांना वरून एक बंदिस्त प्लगइन लागतं. एप्सनचा ईएससी-पी-आर ड्रायव्हरही अनेक ठिकाणी तयार मिळतो. कागदांची लांबलचक यादी आणि कडेपर्यंत छपाई अशा गोष्टी ड्रायव्हरशिवायच्या वाटेत दिसत नसतील तर इथे बघा.

तिसरी, गुटेनप्रिंट. रॉबर्ट क्रॉविट्झ यांनी १९९९ मध्ये छायाचित्रणाच्या हौसेपायी सहा रंगांचा एप्सन घेतला. त्याला ड्रायव्हरच नव्हता. मग त्यांनी गिंप या चित्रसंपादकातलं छपाईचं प्लगइन घेऊन त्यात भर घातली. ते मूळ प्लगइनही मायकेल स्वीट यांचंच होतं. त्यातून पुढे गुटेनप्रिंट उभं राहिलं. जुन्या एप्सन आणि कॅनन फोटो प्रिंटरसाठी ते अजूनही उत्तम आहे. निर्मात्याने कधीच वाऱ्यावर सोडलेली यंत्रं त्याच्यावर चालतात. पण पर्याय इतके की नवखा माणूस हरवतो. तिथे कागद, दर्जा आणि आकार एवढ्या तीनच गोष्टींना हात लावा. साध्या कागदावर शाई मागे उमटत असेल तर शाईची घनता थोडी कमी करा. बाकीचं जसं आहे तसं राहू द्या.

जुना प्रिंटर कुणाकडून घेत असाल तर ओपनप्रिंटिंगच्या यादीत मॉडेल शोधून पाहा. तिथे प्रिंटरना श्रेणी दिलेल्या असतात आणि सगळ्यांत खालच्या श्रेणीचं नाव चक्क 'पेपरवेट' आहे.

आता एक युक्ती. एकाच प्रिंटरची दोन नावांनी नोंद करा, 'साधा' आणि 'फोटो'. कप्सच्या पानावर प्रशासनाच्या विभागात जाऊन तोच प्रिंटर दुसऱ्या नावाने पुन्हा जोडायचा. 'साधा'मध्ये प्लेन कागद आणि सामान्य दर्जा कायमचा ठरवून टाका, 'फोटो'मध्ये फोटो कागद आणि उच्च दर्जा. हवं तर 'फोटो' एका ड्रायव्हरवर आणि 'साधा' दुसऱ्यावर ठेवता येतो. छपाईच्या खिडकीत मग फक्त नाव निवडायचं. कागदाचा प्रकार बदलायला विसरण्याची भानगडच उरत नाही.

कोणते पर्याय उपलब्ध आहेत हे बघायला टर्मिनलमध्ये 'एलपीऑप्शन्स' लिहा, पुढे हायफन पी, प्रिंटरचं नाव आणि हायफन एल. सगळी यादी येते, सध्या लागू असलेल्या पर्यायाच्या आधी तारा (*) असतो. कागदाचा प्रकार तिथे दिसतच नसेल तर तो ड्रायव्हर फोटोंसाठी तुमच्या उपयोगाचा नाही, दुसरा लावा.

पायरी ४: आकार आणि दर्जा

एफोर म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर. अमेरिकी लेटर २१५.९ गुणिले २७९.४. एक रुंद, दुसरा उंच, आणि कित्येक प्रोग्राम काही न सांगता लेटर धरून चालतात. खालच्या ओळी कापल्या जात असतील किंवा पान उगाच आक्रसत असेल तर पहिला संशय इथे. कप्समध्ये, दस्तऐवजात आणि छपाईच्या खिडकीत असा तिन्ही ठिकाणी आकार तपासा. डेबियनच्या घराण्यात 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'पेपरसाइझ' या फाइलीतही तो लिहिलेला असतो.

'पानात बसवा' हा पर्याय सोयीचा असला तरी मोजमापाच्या कामाला घातक. शिवणाचा नमुना किंवा नकाशा काढताना तो बंद करून १०० टक्के ठेवा आणि १० सेंटीमीटरची एक रेघ छापून पट्टीने मोजा. कडेपर्यंत छपाई निवडली की प्रिंटर चित्र किंचित मोठं करून कडा कागदाबाहेर सोडतो. तेव्हा चेहरा अगदी काठाला असलेला फोटो तिथे नको.

खोक्यावरच्या ५७६० गुणिले १४४० अशा आकड्यांनी भारावून जाऊ नका. प्रिंटरकडे मोजक्याच शाया असतात, फिकी छटा त्याला ठिपके विरळ पेरूनच दाखवावी लागते. चित्रातल्या एका बिंदूसाठी असे अनेक ठिपके खर्ची पडतात. म्हणून चित्र इंचाला ३०० बिंदूंचं असलं तरी पुष्कळ झालं. १० गुणिले १५ सेंटीमीटरच्या फोटोला ते सुमारे ११८१ गुणिले १७७२ बिंदू होतात. इंचाला १५० च्या खाली गेलं की जवळून धूसरपणा कळतो, आणि चॅटवरून आलेले फोटो बहुधा तिथेच मार खातात. मूळ फाइल मागवा.

पायरी ५: आता रंग

पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद फक्त पडलेला प्रकाश परतवतो. त्यामुळे दोन्ही तंतोतंत जुळणार नाहीत. 'प्रिंट फार गडद येते' या तक्रारीत पुष्कळदा दोष पडद्याचाच असतो. त्याचा उजेड पूर्ण चढवलेला असतो. पडद्याशेजारी पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे उजळ वाटेपर्यंत पडद्याचा उजेड उतरवा. मग फोटो पुन्हा बघा, तुम्हालाच तो उजळावासा वाटेल.

दुसरा नियम: रंगांचं रूपांतर एकानेच करायचं. गिंप, डिजिकॅम किंवा डार्कटेबलमध्ये प्रिंटरची आयसीसी प्रोफाइल (कोणता रंग कागदावर कसा उमटतो ते सांगणारी फाइल) लावली असेल तर ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद हवी. दोघांनीही हात फिरवला की रंग भडक किंवा विचित्र होतात. आणि प्रोफाइल वगैरे काही नको असेल तर फोटो एसआरजीबी या नेहमीच्या रंगमानकात ठेवून द्या, दुरुस्ती ड्रायव्हरवर किंवा प्रिंटरवर सोपवा. सुरुवातीला हेच करा. ड्रायव्हरशिवाय चालणारे प्रिंटर तर बहुधा एसआरजीबी धरूनच बनवलेले असतात.

स्वतःची प्रोफाइल बनवायची खाज आलीच तर ग्रेम गिल यांचं आर्गिल हे सॉफ्टवेअर आहे. 'टार्जेन'ने रंगांचे चौकोन ठरवायचे, 'प्रिंटटार्ग'ने त्यांचं पान तयार करायचं, रंगदुरुस्ती बंद ठेवून ते छापायचं, वाळल्यावर रंग मोजणाऱ्या मापकाने 'चार्टरीड'मध्ये वाचायचं आणि 'कोलप्रॉफ'ने प्रोफाइल काढायची. मापकावर खर्च करावा लागतो, आणि तयार झालेली प्रोफाइल त्याच प्रिंटर, त्याच शाई, त्याच कागद आणि त्याच दर्जापुरती खरी असते. कार्ट्रिज दुसऱ्या बनावटीचं घातलं की पुन्हा पहिल्यापासून.

छापून लगेच निकाल लावू नका. डायची शाई वाळताना रंग थोडे सरकतात. काही तास जाऊ द्या आणि दिवसाच्या उजेडात बघा.

चाचणीचं एक पान ठेवा

स्वतःचं एक चाचणीपान बनवून ठेवा. त्यात ओळखीचा एक चेहरा, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतची करडी पट्टी, शुद्ध रंगांचे चौकोन, केसाएवढ्या रेघा आणि सहा ते बारा पॉइंटचा देवनागरी मजकूर असू द्या. करडी पट्टी सगळ्यांत चुगलखोर, रंग जराही झुकला तर आधी तिथेच दिसतो. प्रत्येक वेळी एकच पर्याय बदला आणि पानामागे पेन्सिलीने लिहा: तारीख, ड्रायव्हर, कागद, दर्जा. मी आळस करून न लिहिलेली सात-आठ पानं अजून खणात आहेत. त्यांतलं एक अप्रतिम आहे आणि ते कोणत्या सेटिंगने निघालं ते देव जाणे.

अडलंच तर

जोडाक्षरं तुटतात किंवा अक्षरांच्या जागी चौकोन येतात? थेट छापू नका. आधी पीडीएफ बनवा आणि ती उघडून बघा. तिथेच बिघडलं असेल तर प्रिंटरचा संबंध नाही. पीडीएफ ठीक असेल तर 'पीडीएफफॉन्ट्स' या कमांडला फाइलीचं नाव द्या आणि फॉन्ट आत भरलेला आहे का ते 'ईएमबी'च्या रकान्यात बघा. 'नो' दिसलं तर फॉन्ट भरून पीडीएफ नव्याने काढा. तेही जमत नसेल तर पान चित्र म्हणून छापा. फाइल जड होईल, पण अक्षरं शाबूत राहतील.

प्रिंटर ढिम्म हलत नसेल तर 'एलपीस्टॅट' हायफन टी. रांग थांबलेली दिसली तर 'कप्सइनेबल' आणि प्रिंटरचं नाव. अडकलेली कामं काढून टाकायला 'कॅन्सल' हायफन ए. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. वायर ढिली असताना पाठवलेल्या एका कामामुळे कप्सने रांग थांबवलेली असते आणि आपण बिचारे दहा वेळा छपाईचं बटण दाबत बसतो. रांग सुरू करण्याआधी ती दहा कामं काढा, नाहीतर दहाही पानं बाहेर येतील.

तरीही उलगडा झाला नाही तर 'कप्सकंट्रोल' या अर्थाची 'कप्ससीटीएल' ही कमांड घ्या, पुढे दोन हायफन आणि 'डीबग-लॉगिंग'. एकदा छापायचा प्रयत्न करा आणि 'व्हार', 'लॉग', 'कप्स' या फोल्डरांच्या वाटेने 'एरर-लॉग' फाइल उघडा (नावात हायफनच्या जागी अधोरेखा आहे). काही वितरणांत हाच मजकूर सिस्टीमच्या जर्नलमध्ये जातो. गायब फिल्टर, न सापडलेला प्रिंटर, नाकारलेली परवानगी, जे असेल ते तिथे शेवटच्या काही ओळींत सापडतं. काम झालं की तीच कमांड 'नो-डीबग-लॉगिंग' अशी देऊन ते बंद करा. नाहीतर पुढच्या वेळी कामाची ओळ त्या गर्दीत शोधत बसावं लागेल.